समान ध्येय, संघकार्य आणि नेतृत्व : महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीच्या इतिहासावरून एक विचार

१

सामूहिक कार्याचा इतिहास लिहिताना दोन सुलभ मार्ग लेखकासमोर असतात. सारे यश एका थोर पुरुषाच्या पदरी टाकावे, हा एक. ‘सर्वांच्या सहकार्याने कार्य सिद्धीस गेले’ असे आभाराच्या भाषेत म्हणून विषय संपवावा, हा दुसरा. ह्या दोन्ही मार्गांनी मूळ प्रश्न अनुत्तरितच राहतो. भिन्न वयाची, भिन्न शिक्षणाची आणि भिन्न मतांची माणसे एका कामावर दीर्घकाळ कशी टिकतात, आणि नेता गेल्यानंतरही ते काम का मोडत नाही, हा तो प्रश्न होय. ‘समान ध्येय’ ह्या दोन शब्दांत त्याचे उत्तर देण्याची प्रथा आहे. परंतु ध्येय समान असूनही दुभंगलेल्या संस्था महाराष्ट्राने थोड्या पाहिलेल्या नाहीत. तेव्हा ध्येय कोणत्या स्वरूपात असले म्हणजे ते माणसांना बांधून ठेवते आणि नेतृत्वालाही बळ देते, हे तपासणे अगत्याचे ठरते.

ह्या तपासणीस पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ ह्या काळात सिद्ध झालेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती हे उत्तम उदाहरण आहे. सत्तेचाळीस वर्षे, १,२५९ हस्तलिखिते, एकोणीस खंड आणि तेरा हजारांहून अधिक पृष्ठे असा ह्या कार्याचा विस्तार. तो कोणा एकाच्या आयुष्यात मावणारा नव्हता, आणि वस्तुतः मावलाही नाही. ज्याने त्याचा आरंभ केला त्याला पहिले पर्व छापलेले पाहावयास मिळाले नाही. ज्याने त्याला शास्त्र दिले तो कार्य अर्ध्यावर असतानाच निवर्तला. आणि ज्याने ते पूर्णत्वास नेले तो पूर्वीच्यांचाच एक सहकारी होता. म्हणूनच ह्या इतिहासात व्यक्ती आणि ध्येय ही परस्परांपासून वेगळी काढून पाहता येतात.

२

महाभारताची शास्त्रशुद्ध आवृत्ती व्हावी, ही कल्पना मूळची पुण्याची नव्हे. पॅरिस येथे १८९७ साली भरलेल्या प्राच्यविद्यापरिषदेत मॉरिझ विंटरनित्झ ह्यांनी ती आग्रहाने मांडली. पुढे युरोपातील विद्वत्सभांच्या संघाने ती उचलून धरली आणि हाइनरिख ल्यूडर्स ह्यांनी १९०८ मध्ये आदिपर्वाच्या आरंभाचा एक नमुना छापून दाखविला. विद्वत्ता, प्रतिष्ठा आणि ध्येयाची स्पष्ट घोषणा ह्यांपैकी कशाचीही तेथे वाण नव्हती. तरीही नमुन्यापलीकडे काम सरकले नाही आणि पहिल्या महायुद्धाने तर ही योजना संपुष्टातच आणली.

युद्धाचे कारण खरेच. पण ते एकटे पुरेसे नाही. तेथे ध्येय अनेक देशांतील सभांच्या ठरावांत होते. ते कोणा एका मंडळीच्या नित्याच्या कामात उतरले नव्हते. दररोज सकाळी येऊन पोथी उघडणारी, त्याच दालनात बसून एकमेकांच्या चुका दुरुस्त करणारी माणसे त्या ध्येयामागे नव्हती. राष्ट्रे परस्परांशी लढू लागताच ठराव कागदावर राहिले. ध्येयाची घोषणा आणि ध्येयाचा व्यवहार ह्यांमधील हे अंतर पुढील सर्व विवेचनात ध्यानी ठेवावे लागेल.

सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांच्या ऐंशीव्या जन्मदिनी, ६ जुलै १९१७ रोजी, पुण्यात संशोधन मंदिराची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी महाभारताच्या सचित्र आणि चिकित्सित आवृत्तीसाठी एक लक्ष रुपयांचे साहाय्य जाहीर केले. १ एप्रिल १९१९ रोजी वृद्ध भांडारकरांनी पाठतुलनेच्या कागदावर मंगलश्लोक आपल्या हाताने लिहिला आणि कार्यास आरंभ झाला. हा प्रसंग समारंभाचा खरा. परंतु त्यात एक अर्थ दडलेला होता. भांडारकरांनी तो श्लोक शिळेवर कोरविला नाही, गौरवपत्रातही नोंदविला नाही. तो उमटला कामाच्या कागदावर. ह्या संस्थेत ध्येय पुढे ज्या ठिकाणी वसावयाचे होते, तेच हे ठिकाण.

३

तथापि पहिली सहा वर्षे सुरळीत गेली असे म्हणता येत नाही. ना. बा. उटगीकर ह्यांच्या देखरेखीखाली पोथ्यांची जुळवाजुळव आणि पाठतुलना चालू झाली. विराटपर्वाची एक प्रायोगिक आवृत्ती १९२३ साली प्रसिद्ध होऊन विद्वानांच्या अभिप्रायासाठी पाठविण्यात आली. हे पाऊल प्रामाणिक होते. चुका दाखवून द्याव्यात, असे त्यात उघड आवाहन होते. परंतु ‘महाभारताचा शुद्ध पाठ सिद्ध करणे’ हे जे ध्येय सर्वांनी स्वीकारले होते, त्यातील ‘शुद्ध’ ह्या शब्दाचा अर्थ अद्याप निश्चित झालेला नव्हता. व्यासांच्या मुखातून निघालेला तो शुद्ध, परंपरेने मान्य केलेला तो शुद्ध, की अर्थाला आणि रसाला अनुकूल तो शुद्ध? तिन्ही अर्थांचे पुरस्कर्ते एकाच मंडळात बसून ‘आमचे ध्येय एक आहे’ असे निःशंकपणे म्हणू शकत होते. शब्द एक असला म्हणजे अर्थही एक असतो, हा भ्रम भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला नवा नाही. संस्थाजीवनातही तो तितकाच प्रभावी असतो.

१९२५ च्या ऑगस्ट महिन्यात दोन घटना घडल्या. त्या महिन्याच्या २४ तारखेस भांडारकरांचे देहावसान झाले, आणि त्याच महिन्यात डॉ. विष्णू सीताराम सुकथनकर ह्यांनी प्रमुख संपादकपदाची सूत्रे हाती घेतली. सुकथनकर (१८८७–१९४३) केंब्रिज येथे गणित शिकलेले आणि बर्लिन येथे ल्यूडर्स ह्यांच्याजवळ संस्कृतविद्येत तयार झालेले होते. युरोपातील खंडित योजनेचा धागा अशा रीतीने गुरुशिष्यसंबंधाने पुण्यास येऊन मिळाला.

सुकथनकरांनी सर्वांत महत्त्वाचे काम कोणते केले, असे विचारल्यास ‘त्यांनी ध्येय लहान केले’ असेच उत्तर द्यावे लागेल. व्यासांचे मूळ भारत शोधून काढण्याची प्रतिज्ञा त्यांनी सोडून दिली. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जेथवर मागे जाता येईल तेथवरचा सर्वांत प्राचीन पाठ निश्चित करावयाचा, इतकेच ह्या आवृत्तीचे प्रयोजन आहे, असे त्यांनी ठरविले. आणि १९३३ साली पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या विस्तृत प्रस्तावनेत ते सविस्तर मांडले. वरवर पाहता ही माघार वाटते. पण प्रत्यक्षात ह्या मर्यादेमुळेच ध्येय सर्वांचे होऊ शकले. मूळ भारत कसे असावे ह्याविषयी प्रत्येकाचे मत निराळे असणार. मात्र काश्मीरची शारदा पोथी आणि केरळची मल्याळम् पोथी एका श्लोकात सहमत आहेत की नाहीत, ह्याविषयी दोन मते संभवत नाहीत. श्रद्धेचे ध्येय सुकथनकरांनी अशा प्रकारे तपासता येण्याजोगे केले. तपासता येते तेच वाटून घेता येते.

४

ध्येयाचे हे रूप प्रत्यक्ष कामात कसे उतरले हे पाहणे उद्बोधक आहे. पाठतुलनेसाठी चौकटी आखलेले कागद असत. माथ्यावर श्लोक एका चौकटीत एक अक्षर ह्या रीतीने लिहिलेला असे. खाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ. ज्या अक्षरापाशी ती पोथी भिन्न असेल त्या चौकटीतच भेद नोंदवावयाचा. अधिक श्लोक व इतर शेरे ह्यांसाठी कडेला निराळी जागा राखलेली असे. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम् अशा लिप्यांतील पोथ्या ह्या एकाच कागदावर येऊन भेटत. कोणत्याही भागाची तुलना निदान दहा पोथ्यांशी करावयाची असा दंडक होता. पुष्कळ ठिकाणी ही संख्या वीस–तीसपर्यंत जाई आणि आदिपर्वाच्या पहिल्या दोन अध्यायांसाठी तर ती पन्नासावर गेली.

ही तुलना करणारा वर्ग मिश्र होता. जुन्या पाठशाळांत वाढलेले शास्त्री आणि विद्यापीठांचे पदवीधर तेथे शेजारी बसत. एकाला लिपी व व्याकरण मुखोद्गत; दुसऱ्याला नव्या पाठचिकित्सेची पद्धती परिचित. त्या काळच्या पुण्यात ह्या दोन वर्गांमध्ये परस्परांविषयी पुरेशी साशंकता होती, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या सहवासाचे मोल कळते. त्या कागदावर शास्त्र्याच्या अधिकाराला वा पदवीधराच्या प्रमाणपत्राला निराळी चौकट नव्हती. पोथीत जे अक्षर आहे तेच लिहावयाचे; ते अशुद्ध वाटले तरी सुधारावयाचे नाही. स्वतःला अधिक कळते हे बाजूला ठेवण्याची ही शिस्त विद्वानास सर्वांत कठीण जाते. ती ज्या मंडळीने एकत्र पाळली, तिच्यात निराळा एकोपा निर्माण करण्याची गरज उरली नाही.

पुण्याबाहेरही हाच कागद गेला. बंगाली पोथ्यांची तुलना शांतिनिकेतनातील विश्वभारतीत आणि दाक्षिणात्य लिप्यांतील पोथ्यांची तंजावर येथे होत असे. दूरच्या केंद्रांवर प्रमुख संपादकाची नजर रोज पोहोचणे शक्य नव्हते. तेथे नेतृत्वाचे काम पद्धतीच करीत होती.

५

ध्येयाची खरी परीक्षा प्रतिकूल निष्कर्षाच्या वेळी होते. आदिपर्वाच्या प्रचलित पाठात व्यासांचा लेखक म्हणून श्रीगणेश येतो, ही कथा आबालवृद्धांस ठाऊक आहे. अनेक प्रमुख परंपरांच्या पोथ्यांत ती आढळत नसल्यामुळे सुकथनकरांनी ती मूळ संहितेतून काढून परिशिष्टात दिली. घरोघर गणपती बसणाऱ्या पुण्यात, लोकाश्रयावर चालणाऱ्या संस्थेने हे करावे, ही साधी गोष्ट नव्हती. पुढे सभापर्वाचे संपादन अमेरिकेतील येल विद्यापीठाचे फ्रँकलिन एजर्टन ह्यांनी केले (१९४४). त्यात द्यूतसभेतील द्रौपदीचा श्रीकृष्णाचा धावा संहितेबाहेर, तळटीपांत गेला. पुण्यातील हिंदू संपादक आणि येलमधील अमेरिकन संपादक वेगवेगळ्या पर्वांवर एकाच नियमाने एकाच प्रकारच्या निर्णयाप्रत आले, हे ह्या ध्येयाच्या सामायिकत्वाचे बोलके प्रमाण आहे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गाळलेला एकही श्लोक फेकून देण्यात आला नाही. लहान भाग तारकाचिन्हाने पृष्ठाच्या तळाशी, मोठे भाग परिशिष्टात. आणि संहितेतील ज्या पाठाविषयी संपादकास निश्चिती नाही त्याखाली नागमोडी रेघ. वाचकाला संपादकाच्या विरुद्ध निर्णय देता यावा, एवढी सारी सामग्री त्याच पृष्ठावर हजर असे. आपल्याच निर्णयाविरुद्धचा पुरावा आपणच मांडणारे नेतृत्व दुबळे होत नाही. उलट सहकाऱ्यांचा आणि टीकाकारांचा विश्वास त्याला अधिक लाभतो.

टीका झालीही. आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ मध्ये निघाल्यानंतर थोर फ्रेंच पंडित सिल्व्हँ लेव्ही ह्यांनी १९२९ साली असा सल्ला दिला की, पुनर्रचनेचा खटाटोप सोडून नीलकंठाचा प्रचलित पाठच छापावा आणि त्याखाली पाठभेद द्यावेत. वाल्टर रूबेन ह्यांनीही पद्धतीविषयी शंका उपस्थित केल्या. नीलकंठ चतुर्धर हा सतराव्या शतकात काशीस राहून टीका लिहिणारा, परंतु मूळचा गोदातीरच्या कोपरगावच्या घराण्यातील पंडित. त्याचा पाठ स्वीकारणे महाराष्ट्रीय अभिमानालाही सुखावणारे झाले असते. सुकथनकरांनी तो मोह टाळला आणि आक्षेपांना लेखांतून सविस्तर उत्तरे दिली. पुढे नेपाळचे राजगुरू पंडित हेमराज ह्यांच्याकडून आदिपर्वाची एक प्राचीन पोथी उपलब्ध झाली. छापून झालेल्या संहितेला त्या पोथीचा अनेक महत्त्वाच्या स्थळी आधार मिळतो, असे सुकथनकरांनी १९३८ मध्ये दाखवून दिले. जी पोथी संपादन करताना हाती नव्हती, तिने येऊन निर्णयांस दुजोरा द्यावा, ह्याहून मोठी पावती पाठचिकित्सकास कोणती असणार?

सुकथनकर कोरडे चिकित्सक होते असे मात्र कोणी समजू नये. महाभारताच्या अर्थाविषयी त्यांनी आयुष्याच्या अखेरीस मुंबईत दिलेली व्याख्याने १९५७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या ग्रंथाकडे एक अखंड, अर्थपूर्ण कृती म्हणून पाहणारा भाविक रसिक तेथे भेटतो. परंतु त्या रसिकाला संपादकाच्या मेजापाशी प्रवेश नव्हता. स्वतःची श्रद्धा आणि सर्वांचे ध्येय ह्यांत त्यांनी राखलेला हा भेद त्यांच्या नेतृत्वाचे मर्म होय.

६

२१ जानेवारी १९४३ रोजी सुकथनकर अकस्मात निवर्तले. तेव्हा अठरांपैकी चारच पर्वे पूर्ण प्रसिद्ध झाली होती : आदि आणि आरण्यक ही त्यांची स्वतःची, विराट डॉ. रघुवीर ह्यांचे (१९३६) आणि उद्योग डॉ. सुशीलकुमार दे ह्यांचे (१९४०). युद्ध चालू होते आणि भीष्म, द्रोण, शांती अशी प्रचंड पर्वे पुढे उभी होती. एका पुरुषाच्या तेजावर चाललेले कार्य असते, तर ते येथे थांबले असते. तसे झाले नाही. संशोधन मंदिराच्या स्थापनेपासून त्याच्याशी निगडित असलेले डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर ह्यांनी प्रमुख संपादकपद स्वीकारले आणि १९६१ पर्यंत सांभाळले. भीष्म, शांती आणि अखेरची चार लहान पर्वे त्यांनी स्वतः संपादिली. ह. दा. वेलणकर, वा. गो. परांजपे, र. दा. करमरकर, रा. ना. दांडेकर आणि प. ल. वैद्य ह्यांनी इतर पर्वे वाटून घेतली. द्रोणपर्वही दे ह्यांनीच सिद्ध केले. १९६१ नंतर वैद्यांनी सूत्रे हाती घेतली. मध्यंतरी १९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झाले. ज्या राज्याने पहिले द्रव्य दिले ते राज्यच उरले नाही, तरी कार्य उरले. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन् ह्यांच्या हस्ते कार्यसमाप्तीची घोषणा झाली.

बेलवलकर आणि वैद्य ह्यांची विद्वत्ता वादातीत होती. परंतु त्यांच्या नेतृत्वाला जे स्थैर्य लाभले त्याचे श्रेय केवळ त्यांच्या व्यक्तिमत्त्वाला देता येत नाही. १९३३ च्या प्रस्तावनेत लिहिलेले नियम त्यांच्या हाती होते. आणि ते नियम वापरण्यात मुरलेली मंडळी त्यांच्याभोवती होती. नव्या नेत्याला आपले ध्येय नव्याने पटवून द्यावे लागले नाही. आरंभीच्या खंडांच्या मुखपृष्ठावर सहकारी म्हणून उटगीकर, काणे, बेलवलकर, वैद्य, विंटरनित्झ, झिमरमन अशी जी नामावळी छापली गेली, तीही ह्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. पूर्वी सूत्रे सांभाळणाऱ्या उटगीकरांचे नाव तीत राहिले. आणि पुढे सूत्रे सांभाळणाऱ्या दोघांची नावेही तीत आधीपासूनच होती.

७

तुलनेसाठी त्याच नगरातील एक जुने उदाहरण स्मरते. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांचे ध्येय एकच होते. त्यागही खरा होता. तरीही सदस्यांनी बाहेरची कामे व प्राप्ती स्वीकारावी की नाही, ह्या प्रश्नावरील मतभेद विकोपास जाऊन १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. तेथे ‘शिक्षणासाठी सर्वस्व’ ह्या ध्येयाविषयी वाद नव्हता. ‘सर्वस्व’ म्हणजे किती, ह्याविषयी होता. आणि तो मोजण्याचे सर्वमान्य माप कोणापाशीच नव्हते. महाभारताच्या मंडळीपाशी असे माप होते. दोन्ही उदाहरणांतील माणसांच्या योग्यतेत उणेअधिक पाहण्याचे कारण नाही. फरक आहे तो ध्येयाच्या घडणीत.

ह्या कार्याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. वर्षानुवर्षे अक्षरे जुळविणाऱ्या शास्त्र्यांची नावे प्रस्तावनांच्या आभारांपलीकडे फारशी गेली नाहीत. कीर्ती संपादकांच्या वाट्यास आली. समान ध्येयाने श्रम समान वाटले गेले, मान समान वाटला गेला नाही. शिवाय, पिढ्यान् पिढ्या लोकांनी ज्या विस्तारित भारतावर प्रेम केले ते सोडून पंडितांनी घडविलेल्या संहितेकडे वळावे का, हा लेव्हींच्या सूचनेमागील प्रश्न आजही अभ्यासकांत विचारला जातो. ध्येयाने बांधलेली मंडळी त्या ध्येयाच्या मर्यादेनेही बांधलेली असते.

असे असले तरी मुख्य निष्कर्ष बाधित होत नाही. ध्येय उदात्त असल्याने संघ बलवान होतो, हे अर्धसत्य होय. ते इतके स्पष्ट असावे लागते की कनिष्ठातील कनिष्ठ सहकाऱ्याला त्याच्या आधारे वरिष्ठाची चूक दाखविता यावी. आणि नेत्याने स्वतःला त्याच्या बाहेर ठेवता कामा नये. नागमोडी रेघ संपादकाच्या अनिश्चितीची खूण होती. पण ती काढण्याचे धैर्य ज्या नेतृत्वापाशी होते, त्याच्याच मागे तीन पिढ्या उभ्या राहिल्या. आज संशोधनप्रकल्पांची आखणी करणाऱ्या विद्यापीठीय विभागांनी उद्दिष्टांची भव्य वाक्ये लिहिण्यापूर्वी, रोजच्या कामाचा आपला चौकटींचा कागद कोणता, हे आधी ठरवावे. एवढे ह्या इतिहासातून निश्चितपणे शिकता येते.